हैदराबादला न गेलेली गिटार

१

सकाळी चहाच्या आधी कांताबाई लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं चुलीवर ठेवायची. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात लहान भांडं, लहान भांड्यात सरसाच्या वड्या. त्याचा उग्र वास घरभर सुटला की मागच्या खोलीतून सोनूबाई विचारायची, "कांते, लागली का कामाला?" सोनूबाई ही तिची माय. कमरेचं हाड मोडल्यापासून ती बाजेवरच होती.

परतूरच्या स्टेशनरोडला, कापसाच्या जिनिंगच्या अलीकडे त्यांचं घर. पुढे दुकान, मागे राहणं. बाप सुतार. नांगर-वखर घडवता घडवता तो भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायला लागला आणि पुढे त्याच कामानं त्याला लोक ओळखू लागले. सासरी पटलं नाही म्हणून कांताबाई माघारी आली, बापाच्या हाताखाली बसली. बाप गेल्यावरही आजूबाजूच्या गावांतल्या पेट्या, वीणा आणि बँडवाल्यांची वाद्यं तिच्याकडेच येत राहिली.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी भुजंगरावची जीप दुकानापुढे थांबली. भुजंगराव एके काळी स्वतःच्या ऑर्केस्ट्रात गायचा. आवाज असा खर्जातला, की बोलला तरी समोरच्याच्या छातीत घुमावं. आता गाणं कमी आणि पुढारपण जास्त झालं होतं. त्यानं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी फळीवर ठेवलं. गाठ सोडायच्या आधीच आत काय आहे ते कांताबाईला कळलं. तिच्या हाताला त्या वस्तूचा आकार माहीत होता.

ती तिच्या भावाची, भुजंगरावच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या रामकिसनची गिटार होती. बाजारात मिळते तशी सपाट नाही. हिचं पोट आणि पाठ दोन्हीला व्हायोलिनसारखा बाक, आणि पोटावर दोन्ही अंगांना वळणदार लांबट फटी. सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरकडून रामकिसननं ती आणली होती. गावातली पोरं तिला "पोटुशी" म्हणून चिडवायची, आणि रामकिसन हसून तिच्या पोटावर थाप मारायचा.

"ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं होऊन राह्यली," भुजंगराव म्हणाला. "जालन्यात मोठा कार्यक्रम ठेवलाय. त्यात ही वाजली पाहिजे. रामकिसनची आठवण म्हणून. तुझ्याच घरचं वाद्य, तुझ्याशिवाय कोणाला देऊ?"

पाठ एका बाजूनं उकललेली. मान ढिली. तारा एकही नाही. दहा-अकरा वर्षं ती याच्या माळ्यावर पडून होती. रामकिसन गेला तेव्हा कांताबाई तिसऱ्याच दिवशी गिटार मागायला गेली होती. ती ऑर्केस्ट्राची आहे, असं सांगून यानंच तिला दारातून वाटेला लावलं होतं.

"ठेवा," ती म्हणाली.

मागून सोनूबाई ओरडली, "काय आणलंय गं त्यानं?" कांताबाईनं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "परत दे. देवानं नेला त्याला, आता त्याचं लाकूड कशाला घरात? सोडून दे, बाई."

सोडून दे हे ती पहिल्यापासूनच म्हणत आली होती.

२

पाठ चिकटवण्याआधी पूर्ण उघडावी लागते. कांताबाईनं सुरी कोमट करून सांध्यात घातली आणि हळूहळू पाठ सुटी केली. आत जाळी, धूळ, एक मेलेली गांधीलमाशी. तिनं कोरड्या फडक्यानं सगळं आतून पुसून काढलं, सांधे खरवडले, सरस लावला, सांधे दाबून धरायला शिकंजे आवळले. दोन दिवस हात लावायचा नाही असं ठरवून गिटार भिंतीशी उभी केली आणि एका पेटीचा भाता बदलायला बसली.

दुपारी गिटार वाजली.

वाजली म्हणजे एखादं मोठं भांडं कुणी दुरून हलवावं तसा बारीक, खोल हुंकार आला. कांताबाईनं मान वर केली. तारा नाहीत. वारा नाही. हुंकार थांबला, पुन्हा आला. मग रस्त्यावर जीप थांबली आणि भुजंगरावचा आवाज ऐकू आला. तो पलीकडच्या पानवाल्याशी बोलत होता. तो बोलला की गिटार घुमायची, तो गप्प झाला की तीही गप्प.

कांताबाई लाकडात वाढलेली बाई. लाकूड आवाज धरतं हे तिला ठाऊक होतं. एका पेटीचा सूर लावला की फळीवरची दुसरी कधीकधी आपोआप कुजबुजते. याचा आवाज खर्जातला, पोट फुगीर, जमला असेल सूर. तिनं स्वतःला एवढं समजावलं आणि भात्याचं कातडं ताणलं.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. हुंकार आधी आला होता. जीप नंतर.

३

दुसऱ्या दिवशी तिनं पारख करायची ठरवली. परभणीकडची छोटी आगगाडी आली, सगळं दुकान थरथरलं, फळीवरचे खिळे नाचले, गिटार गप्प. रेडिओ मोठा केला, गप्प. तेवढ्यात इनायत आला. इनायत बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रंपेट वाजवायचा. रामकिसनचा जिवाभावाचा दोस्त. औरंगाबादला लग्नाची सुपारी होती, तिथून तो गिटारच्या तारा घेऊन आला होता.

"इनायतभाई, हिच्यापुढं जरा मोठ्यानं बोला बरं."

"काय बोलू?"

"काही पण. खालच्या आवाजात."

इनायत हसला, घसा साफ करून त्यानं खर्ज लावला. वरपासून खालपर्यंत गळा फिरवला. गिटारीनं दाद दिली नाही. "ही तर बहिरी झाली," तो म्हणाला आणि त्यानं प्रेमानं तिच्या मानेवरून हात फिरवला.

तेव्हाच ती घुमायला लागली.

इनायतनं हात काढला. दोघं ऐकत राहिले. रस्ता मोकळा होता. उन्हात एक गाढव उभं होतं, बाकी कुणी नाही. मग कुठून तरी लांबून, बाजाराच्या बाजूनं, भोंग्याचा आवाज जवळ येऊ लागला. कार्यक्रमाची जाहिरात करणारा टेम्पो होता. टेपवर भुजंगरावचा आवाज भरलेला: "जालनेकर रसिकहो..."

टेम्पो दुकानासमोर आला तेव्हा गिटारीचं अख्खं पोट थरथरत होतं. शिकंज्याचा एक स्क्रू आपोआप फिरून खाली पडला.

"लकडी है," इनायत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "लकडी बोलती कधी कधी." मग त्यानं टोपी नीट केली. "कांताबाई, एक बात बोलू? ही भुजंगरावला परत देऊ नका. तुमच्यासाठी न्हाई बोलून राह्यलो. त्याच्यासाठी."

चहा न पिता तो गेला.

४

शिकंजे काढल्यावर आतले सांधे बसले की नाही ते पाहावं लागतं. कांताबाईकडे दात बघायच्या डॉक्टरकडून आणलेला एक लहान आरसा होता, लांब दांडीचा. एका फटीतून तो आत घालायचा, दुसऱ्या फटीतून विजेरीचा उजेड सोडायचा, आणि आरशात पाहत जायचं.

सांधे छान बसले होते. सरस कुठं ओघळला नव्हता. तिनं आरसा पोटाच्या आतल्या बाजूला वळवला. लाकडावर पिठासारखी बारीक धूळ होती. आणि धुळीत चार बोटांचे ठसे होते.

तिनं आरसा बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. चार बोटं. लांब, मोठ्या माणसाची. आतून वर दाबलेली. झाकण उचलायला आपण दाबू तशी.

आपलीच असतील, ती म्हणाली. आत फडकं फिरवलं होतं. पण फडकं फिरवलं होतं तर धूळ कशी? आणि तिची बोटं आखूड होती. बाप म्हणायचा, कांतेची बोटं खुंटीसारखी, अन् रामकिसनची वेळूसारखी.

त्या दिवशी तिनं गिटारीला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या सकाळी सरस शिजत असताना तिनं परत आरसा घातला. कालचे ठसे होते तिथं होते. त्यांच्यापुढे नवे चार होते. त्यांच्यापुढे आणखी चार. ते फटीच्या दिशेनं निघाले होते.

५

गिटारीला तारा चढवल्या त्या दुपारी फार ऊन होतं. वीज गेली होती, जिनिंग बंद होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सोनूबाई झोपली होती. कांताबाईनं तारांखालची घोडी बसवली, एकेक तार खुंटीवर गुंडाळून ताणत आणली. शेवटची जाड तार सुरात आली आणि तिनं हात बाजूला घेतला.

तारा हलेनात. आवाज मात्र सुरू झाला.

आधी धडक-धडक, धडक-धडक. रुळांचा. तिनं दाराबाहेर पाहिलं. गाडीची वेळ नव्हती. आवाज पोटातून येत होता, फटींतून. धडधडीत मिसळलेला लोखंडाचा खुळखुळाट, कुणाचं तरी खोकणं, कडीचा आवाज. मग दाणकन काहीतरी आपटलं, आणि एक माणूस ओरडला.

तो ओरडणारा रामकिसन होता. अकरा वर्षांत तिनं ऐकला नव्हता, पण तो आवाज तिला ओळखायला वेळ लागला नाही.

"भुजंगराव... दार... माझा हात हाय दारात, भुजंगराव, दार सोडा..."

कांताबाई फळीला धरून उभी राहिली. तिला सांगितलेली हकिकत वेगळी होती. नांदेडचा कार्यक्रम करून मंडळी गाडीनं परतत होती. रामकिसन वाऱ्याला दारात उभा होता, गाडीला हिसका बसला, डब्याचं जड दार आपोआप लागलं आणि डाव्या हाताची चारी बोटं चिरडली. भुजंगराव आतल्या बाकावर झोपला होता. त्यानंच हे सांगितलं होतं, तिच्या मायेपुढे रडून. हात सडत गेला. विष अंगात भिनलं. आठवड्याच्या आत सगळं संपलं.

पोटातून आता दुसरा आवाज आला. खर्जातला, शांत, अगदी जागा. दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाचा.

"बोल. जातोस का आता हैदराबादला?"

मग नुसतं धडक-धडक. ओरडणं. धडक-धडक.

ते थांबलं तेव्हा कांताबाई जमिनीवर बसलेली होती. उन्हानं डोकं फिरलं असेल. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. भावाच्या गिटारीवर तारा चढवताना बाईच्या मनात काय काय येतं. हे सगळं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण हैदराबादच्या मोठ्या ऑर्केस्ट्रा पार्टीनं रामकिसनला बोलावलं होतं, हे त्यानं फक्त तिला सांगितलं होतं. भुजंगरावला सांगायला तो घाबरत होता. "गाडीत सांगतो," म्हणाला होता. "निवांत असतो ना माणूस गाडीत."

६

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. इनायत म्हणाला तसं गिटार परत द्यायची नाही. चुलीत घालायची, मोडली म्हणून सांगायचं. ही एक. दुसरी वाट धरायला फक्त एक निरोप पुरेसा होता.

तिनं मायेला काही सांगितलं नाही. ज्वारीची भाकरी चुरून भरवताना एवढंच विचारलं, "माय, कोणी आपलं वाईट केलं तर त्याचं काय करावं गं?"

"काही करू न्हाई," सोनूबाई म्हणाली. "देव बराबर करतो."

"अन् देवानं नाहीच केलं तर?"

म्हातारीनं घास गिळला आणि भिंतीकडे तोंड केलं.

कांताबाईनं पानवाल्याच्या पोराहाती निरोप धाडला. गिटार तयार झालीय. भुजंगरावनी स्वतः येऊन बघावी.

७

तो दुपारी आला. जीप सावलीत लावायला ड्रायव्हर स्टेशनकडे घेऊन गेला. भुजंगरावनं पांढराशुभ्र सदरा घातला होता, अंगाला अत्तराचा वास होता. गिटार फळीवर उताणी ठेवलेली होती, पॉलिशनं मधासारखी चमकत. आज ती घुमत नव्हती. पाठ चिकटवल्यापासून त्याचा आवाज जवळ आला आणि ती गप्प, असं पहिल्यांदाच होत होतं. कांताबाईला ती गप्पच जास्त भयंकर वाटली. दबा धरून बसल्यासारखी.

"वा! बिलकुल नवी करून टाकलीस." त्यानं गिटार उचलली. आत काहीतरी खुळखुळलं. "हे काय राह्यलं गं आत?"

कांताबाईनं सकाळीच आरशानं पाहिलं होतं. आत काही नव्हतं. ठसेही नव्हते, फटीच्या काठापर्यंत धूळ पुसून निघालेली होती.

"काय की," ती म्हणाली. "लाकडाची ढलपी असंल. माझी बोटं आखूड, पोचत न्हाईत. तुमची पोचतील."

हे बोलताना तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. नंतर तिला त्याचंच नवल वाटलं.

भुजंगराव स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि डाव्या हाताची बोटं फटीत सरकवली. फट अरुंद. बोटं तिरकी करून पेरांपर्यंत गेली. तो आत चाचपत होता, डोळे मिटून, एखादा माणूस खिशात सुटे शोधतो तसा. मग त्याचे डोळे उघडले.

"कोणीतरी धरलंय," तो म्हणाला.

अगदी हळू म्हणाला. लहान मुलासारखा. त्यानं हात ओढला. आला नाही. उजव्या हातानं गिटार ढकलली, गुडघ्यानं रेटली. गिटार त्याच्या छातीशी आली. तेव्हा तो ओरडला, आणि त्या ओरडण्यानं सगळ्या तारा एकदम वाजल्या.

"कांता! खोल हे! पाठ काढ हिची, खोल!"

तिच्या हातात पटाशी होती. सांधा कुठला, सरस किती, तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पातं घालून एक पीळ दिला असता तर पाठ निघाली असती. ती जवळ गेली. वाकली. दुसऱ्या फटीतून आत पाहिलं, आरशाशिवाय, उघड्या डोळ्यांनी.

आत अंधार होता आणि अंधारात बोटं होती. भुजंगरावची चार, त्यांच्याभोवती दुसरी चार. काळीनिळी, चपटी झालेली, नखं नसलेली. रस्ता ओलांडताना मोठं माणूस लहानाचा हात धरतं तशी ती गुंफलेली होती. आणि ती हळूहळू, मुळीच घाई न करता, आवळत होती.

मागच्या खोलीतून सोनूबाई हाका मारत होती. "कांते! अगं कोण वरडून राह्यलं?"

कांताबाईनं पटाशी फळीवर ठेवली.

"कांता, पाया पडतो तुझ्या... कांता, सोडव..."

ती दारापाशी गेली, दार लावून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

८

ड्रायव्हर आला, माणसं जमली, तोवर भुजंगराव जमिनीवर पडला होता आणि हात बाहेर होता. गिटारीला ओरखडा नव्हता. त्याची चारी बोटं मात्र कागदासारखी चपटी झाली होती. कशानं, ते त्याला सांगता येईना. तो फक्त दारात हात सापडला, दारात हात सापडला, एवढंच म्हणत राहिला. दुकानाचं दार लाकडी, जड. लोकांना ते पटलं. कांताबाईनं सांगितलं की माझे हातपाय गळाले, काही सुचलंच नाही. बाईमाणूस, तेही पटलं. त्याला आधी जालन्याला नेलं, मग औरंगाबादला. हात कापला तरी विष वर चढत गेलं. आठवड्याच्या आत त्याची बातमी आली.

इनायत सांगायला आला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही. कांताबाईकडे एकदा पाहून त्यानं नजर खाली घेतली आणि मग कधी त्या रस्त्यानं दिसला नाही.

सोनूबाईनं काहीच विचारलं नाही. बातमी ऐकून तिनं हात जोडले आणि पुटपुटली, "देवानं केलं." कांताबाईनं मान हलवली. गिटार तिनं भिंतीवर टांगली. ती आता नुसती गिटार होती. आरशात पाहिलं तर आत स्वच्छ लाकूड. कांताबाईला झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. आपल्याला वाईट वाटत नाही, याचंही तिला हळूहळू काही वाटेनासं झालं.

पोळा झाल्यावर एका दुपारी ती मायेचे केस विंचरत होती. पुढं दुकानात आवाज सुरू झाला.

"कोणीतरी धरलंय."

फणी तिच्या हातातून पडली. ती पुढं धावली. गिटारीच्या पोटातून तीच दुपार बाहेर येत होती. स्टूल सरकलं. तारा खणाणल्या. "कांता! खोल हे!" मायेच्या हाका. मग पटाशी फळीवर ठेवल्याचा आवाज, हळू, नीट. दार लागल्याचा आवाज. "कांता, सोडव..."

आणि मग कुणीतरी हसलं.

बाईचं हसू होतं. दबकं, घशातलं, सुखाचं. भुजंगराव ओरडत होता आणि दाराशी उभी असलेली ती बाई हसत होती, मध्येच श्वास घेत होती, पुन्हा हसत होती. कांताबाईला ते हसल्याचं अजिबात आठवत नव्हतं. तिनं तोंडावर हात दाबला. तिचं तोंड बंद होतं. हसू चालूच होतं.

तिनं कोपऱ्यातली गोधडी ओढली आणि गिटारीवर टाकली, दोन्ही हातांनी आवळून धरली. आवाज दबला, तरी येत राहिला. पाठीमागे बाजेवर माय होती. सगळं ऐकू गेलं होतं तिला. आपल्या लेकीनं सांगितलेलं खोटं, ठेवलेली पटाशी, लावलेलं दार, हे हसू. आता ती काय म्हणेल, याची कांताबाईला भुजंगरावच्या भुतापेक्षाही जास्त भीती वाटली.

"माय," ती म्हणाली, "माय, मी..."

"झाकू नको ते," बाजेवरून सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खणखणीत होता. "हिकडं आण. माझ्या उशापाशी ठेव. मला नीट ऐकू येऊन न्हाई राह्यलं."